जाळ्यातील दार

महाराष्ट्रातील जुन्या देवळात पाऊल टाकणाऱ्याला देवाच्या आधी कासवाचे दर्शन घडते. सभामंडपाच्या फरसबंदीत बसविलेल्या त्या दगडी कासवाला पाय लागू देऊ नये, अशी सक्त ताकीद आमच्या पिढीतील मुलांना वडीलधाऱ्यांकडून मिळत असे. आणि पुढे केव्हातरी गीतेतील स्थितप्रज्ञाच्या वर्णनात कासवाचा दृष्टान्त भेटला, म्हणजे त्या ताकिदीचा अर्थ उमगल्यासारखा वाटे. परंतु हा दृष्टान्त ज्याच्यावर बेतला आहे ते कासव तळ्यातले किंवा नदीतले असले पाहिजे. समुद्रातील कासवाला आपले डोके आणि वल्ह्यांसारखे पाय कवचाखाली ओढून घेताच येत नाहीत. अथांग पाण्यात शेकडो कोस पोहता यावे म्हणून त्याच्या देहाची जी घडण झाली, तिने ही मुभा त्याच्यापासून कायमची काढून घेतली. संकट आले असता आत मिटून बसावे, हा कासवाचा म्हणून प्रसिद्ध असलेला उपाय समुद्रकासवाजवळ नाही. त्याच्याजवळ एकच उपाय आहे, तो म्हणजे निसटून जाणे. आणि निसटून जाण्याची ही वाट माणसाच्या जाळ्यात कशी ठेवावी, एवढाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

ग्रंथकार माझे जुने स्नेही. मत्स्यव्यवसाय खात्याच्या नोकरीत त्यांची बहुतेक हयात बंदरांवर, परवान्यांच्या वह्यांत आणि तांडेलांच्या तक्रारी ऐकण्यात गेली. प्रस्तावना लिहिण्याची आज्ञा त्यांनी केली तेव्हा, या विषयाशी माझा संबंध मासे खाण्यापुरताच आहे, अशी कैफियत मी त्यांच्यापुढे मांडून पाहिली. त्यावर ते शांतपणे म्हणाले की, तेवढ्यासाठीच तर तुम्हांस सांगतो आहे. जाळ्याचा एक शेवट समुद्राच्या तळाशी असतो आणि दुसरा खाणाऱ्याच्या ताटात. या युक्तिवादापुढे माझे काही चालले नाही.

तसे पाहता माझ्याजवळ या विषयाची एक आठवण होती. काही वर्षांपूर्वी माघातल्या एका सकाळी रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर फिरत असताना, ओहोटीने मागे ठेवलेल्या ओल्या वाळूवर एक भले मोठे कासव पडलेले दिसले. ऑलिव्ह रिडले जातीची ती मादी होती. कवच सव्वादोन फुटांच्या आसपास, वजन एका माणसाला सहज न उचलण्याजोगे. अंगावर जखम नव्हती, कवचाला तडा नव्हता, डोळे मात्र सुजून बाहेर आले होते. गावातील दोघा मुलांनी जवळच खड्डा खणून तिला पुरले, आणि पुरण्यापूर्वी त्यांतल्या एकाने, कोणी सांगितले नसताना, तिच्या पाठीवर ओंजळभर समुद्राचे पाणी घातले. तिचे मरण जाळ्यातच ओढवले असे मी प्रतिज्ञेवर सांगू शकणार नाही. परंतु असे अंगावर ओरखडाही नसलेले कासव किनाऱ्याला लागले म्हणजे जाणकार मंडळी जे निदान सर्वांत आधी विचारात घेतात, ते ऐकून मी चकित झालो होतो. ते निदान बुडून मरण्याचे असते.

समुद्रात जन्म काढणारा जीव बुडून कसा मरेल, हा प्रश्न साहजिक आहे. कासव हे मासा नव्हे. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसे आहेत, आणि श्वासासाठी त्याला पाण्याच्या पृष्ठभागावर यावेच लागते. निवांत पडलेले कासव तासन्‌तास पाण्याखाली राहू शकते ही गोष्ट खरी. पण ती निवांतपणाची गोष्ट आहे. ट्रॉलरचे जाळे ही एक नरसाळ्याच्या आकाराची प्रचंड पिशवी असते. तिचे तोंड दोन्ही बाजूंच्या फळ्यांनी फाकलेले राहते, खालची कड समुद्राचा तळ खरवडत जाते, आणि वाटेत जे जे येईल ते मागे मागे सरकत शेवटच्या निमुळत्या पिशवीत, म्हणजे आमचे कोळी ज्याला खोला म्हणतात त्यात, जाऊन साठते. तळाशी चरणारे कासव या तोंडापुढे सापडले तर ते पुढच्या दिशेने पळू लागते, कारण संकटापासून दूर पळावे हीच त्याची उपजत बुद्धी. काही वेळाने थकते, मागे पडते आणि खोल्यात जाऊन धडपडू लागते. या धडपडीत त्याच्या रक्तातला प्राणवायू पाहता पाहता संपतो. जाळे पाण्याखाली तासाभराच्या आत राहिले तर बहुतेक कासवे वाचतात आणि त्यापुढे मरणाचे प्रमाण झपाट्याने चढत जाते, असे अमेरिकेतील निरीक्षणांवरून दिसून आले आहे. आणि आपल्याकडील ट्रॉलर तर एकेका फेरीत दोन-दोन, तीन-तीन तास जाळे ओढतात. कासवाचा काळ आणि जाळ्याचा काळ यांचा असा मेळ बसत नाही, यापलीकडे या मृत्यूत कोणाचे क्रौर्य नाही, की कोणाचा हेतू नाही.

हेतू नाही हे मी मुद्दाम लिहितो, कारण शहरातील निसर्गप्रेमी मंडळींच्या लेखनात कोळ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची जी घाई दिसते तिचा मला कंटाळा आला आहे. ट्रॉलिंग ही आमच्या किनाऱ्याची जुनी विद्या नव्हे. रापण आमची, डोल आमची. यांत्रिक नौकांच्या मासेमारीला मात्र या देशात जी चालना मिळाली तिचा एक मोठा उगम १९५२ साली झालेल्या भारत-नॉर्वे करारात आणि त्यानुसार केरळातील नीन्दकरा येथे सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. गरीब कोळ्याच्या घरी दोन घास अधिक यावेत हा त्या योजनेचा उद्देश होता. पण थोड्याच वर्षांत कोळंबीला परदेशी बाजारात सोन्याचा भाव मिळू लागला, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने ट्रॉलरांची संख्या अशी वाढली की, ज्या तळावर कासव चरते, विणीच्या दिवसांत जिथे ते किनाऱ्याजवळ येऊन ठाण मांडते, नेमका तोच उथळ पट्टा या जाळ्यांचा रोजचा मार्ग झाला. ससून डॉक किंवा मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या कोळंबीमागे डिझेल, बर्फ, खलाशांचा हिस्सा आणि व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल यांचा जमाखर्च असतो. या जमाखर्चात कासवाचे खाते जमेच्या बाजूला कधीच नव्हते. चाळीस किलोंचे कासव खोल्यात शिरले म्हणजे कोळंबी चिरडते, आस फाटतात, जाळे ओढायला जड जाते; म्हणून कासव जाळ्यात येऊ नये ही इच्छा निसर्गप्रेमी माणसाइतकीच, किंबहुना अधिक रोकड्या कारणाने, तांडेलाचीही असते. या पुस्तकाचा सारा पाया त्या इच्छेवर उभा आहे.

आता एका अशा गोष्टीकडे वळतो, की जी वाचून माझ्या स्वतःच्या काही समजुतींना धक्का बसला. कोकणातील कासवांविषयी आज जे प्रेम दिसते त्याचे श्रेय चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेला आणि मंडणगड तालुक्यातील वेळास गावाला आहे. २००२ सालापासून तेथे घरटी राखण्यास प्रारंभ झाला, २००६ साली कासव महोत्सव सुरू झाला, आणि मुंबई-पुण्याची माणसे मुलाबाळांसह पहाटे उठून, मूठभर आकाराची पिल्ले वाळूवरून लाटांकडे तुरुतुरु जाताना पाहू लागली. एकेकाळी अंडी उकरून नेणारी माणसे त्याच अंड्यांची राखणदार झाली, ही साधी क्रांती नव्हे. परंतु १९८७ साली डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी लॉगरहेड कासवांच्या आयुष्याचे गणित मांडून असे दाखविले की, किनाऱ्यावरील एकूण एक अंडे जरी वाचविले तरी तेवढ्याने घटणारी संख्या सावरत नाही. ती सावरायची तर समुद्रातील वाढती आणि प्रौढ कासवे वाचली पाहिजेत. कारण उघड आहे. एका विणीत शंभरांवर अंडी असतात ती निसर्गाने बहुतेक पिल्ले गमावण्याच्या हिशेबानेच दिलेली असतात. पण दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ सर्व संकटांतून तरून जी मादी विणीसाठी परतते, तिच्यामागे हजारो पिल्लांचा बळी पडलेला असतो. ती जाळ्यात गेली म्हणजे एक जीव गेला असे म्हणणे हा हिशेबाचा घोटाळा आहे. वाळूवरच्या पिल्लाला टाळ्या देणाऱ्या आम्हा मंडळींना, त्या पिल्लाची आई गेल्या रात्री कोणत्या खोल्यात होती, हे विचारण्याची कधी बुद्धी झाली नाही.

त्या आईला वाट देणारे साधन कोणा शास्त्रज्ञाच्या टेबलावर जन्मले नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डेरियन गावी सिंकी बून नावाचा कोळंबी धरणारा एक कोळी होता. त्याला कासवांची फिकीर नव्हती. त्याला वैताग होता तो चेंडूएवढ्या जेलीफिशांचा, कारण त्यांनी खोला भरून जाई आणि कोळंबीला जागाच उरत नसे. म्हणून १९६० नंतरच्या दशकात त्याने जाळ्याच्या गळ्याशी, खोल्याच्या किंचित आधी, गजांची एक तिरपी चौकट बसविली आणि तिच्या टोकाशी जाळ्याला एक छेद ठेवला. लहान कोळंबी गजांमधून सरळ मागे खोल्यात जाई. मोठी वस्तू गजांवर आपटून, उतरणीवरून घसरावी तशी घसरत त्या छेदातून बाहेर पडे. जे साधन आज साऱ्या जगात टर्टल एक्सक्लुडर डिव्हाइस, किंवा बंदराच्या भाषेत नुसते टेड, म्हणून ओळखले जाते त्याची मूळ कल्पना एवढीच आहे. गजांमधले अंतर चार इंचांच्या आत असावे, चौकट साधारण पंचेचाळीस अंशांच्या आसपास कललेली असावी, छेदावर पाण्याच्या दाबाने मिटून राहणारा आणि कासवाच्या धक्क्याने उघडणारा जाळ्याचाच पडदा असावा, हे तपशील मागाहून ठरले. चौकट नीट बसविली असेल तर शंभरांपैकी सत्त्याण्णव कासवे बाहेर पडतात, असे अमेरिकेच्या सरकारी चाचण्यांचे माप आहे. मी या साधनाला या प्रस्तावनेत दार म्हणणार आहे. सरकारी परिभाषेत याहून भारदस्त शब्द सापडतील, परंतु तांडेलाला कळेल असा मला हाच सुचतो.

जे साधन कोळ्याने निर्माण केले ते कोळ्यांनी हसत स्वीकारावे, असे कोणाला वाटेल. घडले ते उलटे, आणि ते का घडले हे या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात फार चांगले सांगितले आहे. अमेरिकी सरकारच्या मत्स्यखात्याने १९८० च्या सुमारास स्वतःच्या बुद्धीने जे दार घडविले ते लोखंडी पिंजऱ्यासारखे अवजड होते. डेकवर ते हाताळताना माणूस जायबंदी होण्याची भीती. स्वेच्छेने वापरा म्हटल्यावर ते कोणी वापरले नाही, आणि मग १९८७ साली सक्तीचा हुकूम निघाला. हुकूम निघाल्याबरोबर दार हे हत्यार राहिले नाही, ते सरकारचे निशाण झाले. त्याच वर्षी लुइझियाना राज्याच्या विधिमंडळाने, आमच्या अधिकाऱ्यांनी या केंद्रीय नियमाची अंमलबजावणी करू नये, असा कायदाच करून टाकला. तो रद्द व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. १९८९ च्या जुलैमध्ये टेक्सास आणि लुइझियानाच्या कोळ्यांनी आपल्या नौका आडव्या लावून बंदरांची तोंडे अडवून धरली, आणि सरकारने नियम स्थगित करण्याचे व पुन्हा लागू करण्याचे हेलपाटे घातले. पुढच्याच वर्षी तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने जो अहवाल दिला त्यात, कोळंबीच्या जाळ्यांत दरवर्षी ५,००० ते ५०,००० लॉगरहेड आणि ५०० ते ५,००० केम्प्स रिडले कासवे मरत असावीत, आणि माणसाच्या हातून होणाऱ्या कासवांच्या मरणाचे समुद्रातील सर्वांत मोठे कारण हेच आहे, असा निष्कर्ष होता. या अंकांतील अंतर केवढे मोठे आहे हे पाहून हसणारे हसले. पण समितीने आपल्या अज्ञानाची रुंदी प्रामाणिकपणे मांडली, आणि मला तर हा प्रामाणिकपणा एखाद्या नेमक्या आकड्याहून अधिक विश्वासार्ह वाटतो.

केम्प्स रिडलेची कथा येथे थोडक्यात सांगितलीच पाहिजे, कारण ती आमच्या ऑलिव्ह रिडलेची सख्खी बहीण. मेक्सिकोतील रँचो नुएवोच्या किनाऱ्यावर १९४७ साली घेतलेल्या एका चित्रफितीत एकाच दिवशी वाळूवर आलेल्या माद्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात असावी, असा अंदाज पुढे शास्त्रज्ञांनी बांधला. १९८५ साली त्या जातीची वर्षभरातील घरटी मोजली गेली ती ७०२. अंड्यांची लूट आणि कोळंबीची जाळी या दोघांनी मिळून अडतीस वर्षांत एवढा पल्ला गाठला. ओडिशातील ऋषिकुल्येच्या मुखाशी २०२५ च्या फेब्रुवारीत सुमारे सात लाख कासवे विणीला आल्याचे वृत्त वाचून, आपल्याकडे काही कमी नाही, असे म्हणत निश्चिंत होणाऱ्या सद्गृहस्थांनी हे दोन आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत.

आता जिनिव्हाकडे. १९८९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेने एका कायद्याच्या कलम ६०९ अन्वये असे ठरविले की, कासवांना अपाय करणाऱ्या जाळ्यांनी धरलेली कोळंबी परदेशातून आत घ्यायची नाही. आरंभी हे कलम शेजारच्या अमेरिकी व कॅरिबियन देशांपुरते लावले गेले आणि त्यांना जुळवून घेण्यासाठी तीन वर्षांची मुदत मिळाली. पुढे तेथील न्यायालयाच्या निर्णयामुळे १९९६ साली ते साऱ्या जगाला लागू झाले आणि आशियातील देशांच्या वाट्याला अवघे चार महिने आले. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी जिनिव्हातील जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. भारताचे म्हणणे असे की, कासवांना आमच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे छत्र आहे. तुमच्या घरचा कायदा आमच्या समुद्रावर चालणार नाही. १२ ऑक्टोबर १९९८ रोजी संघटनेच्या अपील मंडळाने जो निर्णय दिला तो मोठा मार्मिक होता. कासव वाचविण्यासाठी व्यापारावर बंधन घालणे तत्त्वतः गैर नाही, परंतु अमेरिकेने ते बंधन ज्या रीतीने घातले ती मनमानी आणि पक्षपाती आहे, असा त्याचा मथितार्थ. अमेरिकेने रीत सुधारली, आणि २००१ साली मलेशियाने पुन्हा आक्षेप घेतला तेव्हा तो टिकला नाही.

या खटल्यात आपली बाजू न्याय्य होती असे मला वाटते. जो दूरच्याला चार महिने देतो आणि शेजाऱ्याला तीन वर्षे, त्याने न्यायाची भाषा बोलू नये. परंतु वकिली युक्तिवाद म्हणून जे शोभते ते आत्मपरीक्षण म्हणून शोभत नाही. ज्या वर्षांत आपण जिनिव्हामध्ये आपल्या कायद्यांची यादी वाचून दाखवीत होतो, त्याच वर्षांच्या हिवाळ्यांत ओडिशाच्या किनाऱ्यावर मेलेली कासवे हजारोंनी वाहून येत होती. तेथे कायद्यांचा तुटवडा नव्हता आणि आजही नाही. १९९७ साली गहिरमाथा हे सागरी अभयारण्य झाले. धामरा, देवी आणि ऋषिकुल्या यांच्या मुखांसमोर वीस किलोमीटरच्या पट्ट्यात १ नोव्हेंबर ते ३१ मे अशी सात महिने मासेमारीस मनाई आहे. तटरक्षक दल दर हिवाळ्यात ऑपरेशन ऑलिव्हिया या नावाने पहारा देते. तरीही मृत कासवे येतच राहतात, कारण समुद्रावरचा पहारा हा चाळणीत पाणी धरण्याचा उद्योग आहे. आणि सात महिने चूल कशाने पेटवावी, या छोट्या होडीवाल्याच्या प्रश्नाला मनाईच्या हुकुमात उत्तर नसते.

उत्तराची एक वाट कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने काढली. आपल्या ट्रॉलरांची शक्ती कमी, जाळी लहान आणि जाळ्यात कोळंबीबरोबर येणारी मासळीही घरोघर विकली जाणारी. अमेरिकी कोळी जी मासळी फेकून देतो तिच्यावर आमच्या खलाशाचा हिस्सा ठरतो. म्हणून दारातून कोळंबी आणि मासळी कमीत कमी निसटावी या बेताने संस्थेने स्वदेशी दार तयार केले, आणि चाचण्यांत कोळंबीचे नुकसान शेकडा एकाच्या आत व इतर मासळीचे शेकडा तीनच्या आसपास राखून दाखविले. शेकडा तीन हा आकडा कोचीत लहान दिसतो. ज्याची फेरी मुळात डिझेलाचा खर्च जेमतेम भरून काढते, त्या नाखव्याला तो तसा दिसत नाही; आणि हे दार ज्यांनी सरकारी वाटपात घेतले त्यांतल्या कित्येकांनी ते वखारीत ठेवून दिले, यात मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते याचे की, या शेकडा तीनची भरपाई कोणी करावी, हा साधा सवाल इतकी वर्षे कोणी नीट विचारला नाही. दरम्यान २०१८-१९ च्या सुमारास अमेरिकेने, दारांचा वापर समाधानकारक नाही या कारणाने, भारतातील समुद्रात धरलेल्या कोळंबीला पुन्हा आपली बाजारपेठ बंद केली. तळ्यात वाढविलेल्या कोळंबीला ही बंदी लागू नाही आणि आपली निर्यात मुख्यतः तिचीच असल्यामुळे, या बंदीचा आवाज दिल्लीत फारसा ऐकू आला नाही. तो बंदरावर ऐकू आला, कारण भाव तेथे पडला.

ट्रॉल हे एकच जाळे कासवांना भोवते असे मात्र नव्हे. हवाई बेटांजवळ लांब दोरीला हजारो गळ लावून तलवारमासा धरणाऱ्यांनी इंग्रजी जे अक्षरासारखा गळ टाकून वर्तुळाकार गळ घेतला आणि आमिषाला माकुलाऐवजी बांगडा लावला, एवढ्या फरकाने लॉगरहेड सापडण्याचे प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांनी आणि लेदरबॅकचे त्र्याऐंशी टक्क्यांनी उतरले. पेरूमध्ये तळाशी लावलेल्या जाळ्यांवर हिरवे दिवे लावून पाहिले, तर हिरव्या कासवांची अडक साठ टक्क्यांहून अधिक कमी झाली. ग्रंथकारांनी या प्रयोगांना एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि माझ्या मते ते जरा लांबले आहे.

महाराष्ट्राकडे पाहिले असता एक विसंगती ठळकपणे नजरेत भरते. आपल्याकडे यांत्रिक मासेमारीला पावसाळ्यात, जून-जुलैमध्ये, बंदी असते. ती माशांच्या विणीसाठी, आणि त्या दृष्टीने योग्यच आहे. कासवे मात्र कोकण किनाऱ्यावर विणीला येतात ती हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत, म्हणजे जेव्हा मासेमारीचा हंगाम ऐन भरात असतो. एका मुदतीने दोन्ही जिवांचे रक्षण होईल अशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही. दुसरे असे की, ही कासवे एका राज्याची रयत नव्हेत. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर ज्या मादीला उपग्रहाचे यंत्र बसविले तिचे नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला यंत्र बसविलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ साली ओडिशात जिच्या पंखाला खुणेचा बिल्ला लावला होता अशी एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी, असे जे मानले जात होते त्याला या एका प्रवासिनीने हादरा दिला. एका किनाऱ्यावर सात महिने पहारा आणि दुसऱ्या किनाऱ्यावर त्याच हंगामात दाराविना जाळी, या व्यवस्थेला धोरण म्हणावयाचे झाल्यास शब्दकोशात दुरुस्ती करावी लागेल.

असे असले तरी महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या अखेरीस जी एक योजना काढली तिचे मी मनापासून कौतुक करतो. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी कोळ्याने जाळे कापून जिवंत सोडला आणि त्याचे छायाचित्र वा चित्रण पुराव्यादाखल दिले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही रक्कम मोठी नाही, ती मिळण्यास वेळ लागतो, आणि ट्रॉलच्या खोल्यात बुडून मेलेल्या कासवाला तिचा काहीच उपयोग नाही. परंतु कासव देव असले तरी जाळे उधारीचे असते, ही कोळ्याच्या घरातली गोष्ट शासनाच्या कागदावर त्या दिवशी प्रथम उमटली, आणि या प्रश्नात इतके दिवस जे सरकारी लेखन झाले त्यात मला हीच ओळ सर्वांत शहाणपणाची वाटते. तिच्यापुढची ओळ लिहिणे अवघड नाही. दार लावणाऱ्या नौकेला शेकडा तीनचे नुकसान काही हंगाम सरकारने भरून द्यावे; दाराची चाचणी खात्याच्या नौकेवर न घेता मिरकरवाड्याच्या, हर्णैच्या, मालवणच्या तांडेलांच्या नौकांवर, त्यांच्याच हातांनी घ्यावी; आणि गजांचे अंतर वा छेदाची जागा बदलावी असे त्यांनी सुचविले, तर त्या सूचनेला परिपत्रकाइतका मान द्यावा. सिंकी बूनला कोणी परिपत्रक पाठविले नव्हते.

ग्रंथकारांशी माझा एक मतभेद नोंदवून ठेवतो. शेवटच्या प्रकरणात त्यांनी दार न लावणाऱ्या नौकेचा परवाना रद्द करण्याची आणि डिझेलावरील सवलत बंद करण्याची शिफारस केली आहे. चाळीस वर्षे खात्यात काढलेल्या माणसाच्या लेखणीतून जप्तीचा शब्द आपोआप उतरणारच, हे मी समजू शकतो. परंतु लुइझियानाची हकीकत त्यांनीच आपल्याला सविस्तर सांगितली आहे, आणि जो हुकूम समुद्रात मोडता येतो तो बंदरात बजावून काय उपयोग, याचे उत्तर त्यांच्या पुस्तकात मला सापडले नाही. सक्ती कधीच करू नये असे माझे म्हणणे नाही. ती दार आपलेसे झाल्यावर, उरलेल्या आडमुठ्यांपुरती करावी. या बाबतीत वाचकांनी त्यांचेही ऐकावे आणि माझेही.

एक विनंती मात्र आम्हा दोघांची मिळून आहे, आणि ती केबिनमध्ये उभ्या असलेल्या तांडेलाला आहे. तेवढे पान फाडून केबिनच्या भिंतीला चिकटविले तरी ग्रंथकारांना राग येणार नाही. जाळे वर घेतल्यावर त्यात निपचित पडलेले कासव निघाले, तर ते मेले असे समजून लगेच समुद्रात लोटू नये. गुंगीत असलेले कासव पाण्यात पडले म्हणजे खरोखरच बुडते. त्याला पोटावर, सरळ ठेवावे. मागचा भाग वीतभर उंच राहील असा आधार द्यावा. सावलीत ठेवून अंगावर ओले फडके टाकावे, पण नाक-तोंड झाकू नये. आणि निदान चार तास, जमल्यास चोवीस तास वाट पाहावी. हालचाल करू लागले म्हणजे इंजिन थांबवून, जाळी पाण्यात नसताना, नौकेच्या मागच्या अंगाने हळूच सोडावे. मेल्यासारखी दिसणारी कित्येक कासवे तेवढ्या अवधीत श्वास घेऊ लागतात.